हृदयातला दाब मोजून धोका आधी कळतो, मग सगळ्यांचा का मोजत नाहीत?

कोथरूडकर (धागाकर्ता)
हार्ट फेल्युअरचा (हृदयाचं काम कमी पडतं असा) पेशंट कसा चाललाय, हे आपण अजूनही सुजलेले पाय, वजन आणि धाप यांवरून ठरवतो. माझ्या मते तोवर उशीर झालेला असतो. पल्मनरी आर्टरीतला (हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला) दाब त्याच्या कितीतरी दिवस आधीपासून चढायला लागतो. आणि दाबावरून भाकीत होतं हे काही आजचं नाही. 1976 साली फॉरेस्टर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकच्या रुग्णांचे दोन आकड्यांवर चार गट पाडले: वेज प्रेशर (हृदयाची डावी बाजू भरतानाच्या दाबाचा अंदाज, पाऱ्याच्या मिलीमीटरमध्ये) 18 च्या वर की खाली, कार्डिअॅक इंडेक्स (शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात हृदय मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतं) 2.2 च्या वर की खाली. दोन्ही ठीक असलेल्यांत मृत्यू 3 टक्के, दोन्ही बिघडलेल्यांत 51 टक्के. इतका बोलका आकडा हाताशी असताना गंभीर पेशंटला अंदाजपंचे गोळ्या का द्यायच्या?

शंकासुर
दाब म्हणजे बीपीच ना? काकांचं 120/80 असतं, तरी दोन जिने चढले की धाप लागते.

तालुक्याचा डॉक्टर
नाही. दंडावर पट्टा बांधून मोजतो तो बाहेरच्या धमनीतला दाब. इथे प्रश्न आहे हृदयाचा डावा कप्पा भरताना आत किती दाब लागतो, याचा. कप्पा ताठर किंवा थकलेला असला की तो दाब चढतो, मागे फुप्फुसात तुंबतो आणि धाप लागते. दंडावर 120/80 असताना आत 25 असू शकतो.

आयसीयूवाली
मी वर्षानुवर्षं स्वान-गँझ कॅथेटर लावलेले पेशंट सांभाळते, त्यामुळे 'बोलका आकडा' वाचून हसू आलं. मानेच्या शिरेतून नळी हृदयावाटे फुप्फुसाच्या धमनीत घालायची, टोकाच्या फुग्यात दीड मिली हवा भरायची, पडद्यावरची लाट बदलली की वेज आला म्हणायचं. आता गंमत बघा. ट्रान्सड्यूसर (दाब टिपणारा भाग) छातीच्या मध्यपातळीला हवा. पलंग वरखाली केला, स्टँड तसाच राहिला आणि ट्रान्सड्यूसर छातीच्या मानाने 10 सेंटीमीटर खाली गेला, तर आकडा 7 ने जास्त दिसतो. म्हणजे 14 चे 21, पेशंट थेट 18 च्या वरच्या गटात! वाचायचाही श्वास सोडून झाल्यावर. व्हेंटिलेटरवर तो क्षण नवख्याला सापडत नाही.

आणि समजा बरोबर मोजला, तरी पुढे काय? 2005 च्या एस्केप चाचणीत 433 रुग्ण होते. निम्म्यांवर कॅथेटर घालून उपचार, निम्म्यांवर नुसतं तपासून. सहा महिन्यांत घरी जिवंत राहिल्याचे दिवस सारखेच. कॅथेटरवाल्यांत उपद्रव मात्र जास्त.

कोथरूडकर
एस्केप नेहमी अर्धीच सांगितली जाते. ज्यांना कॅथेटरवाचून गत्यंतर नाही असं डॉक्टरांना वाटत होतं, ते रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. शॉकमधल्या (रक्ताभिसरण कोसळलेल्या) पेशंटला तो निकाल कसा लावणार? शिवाय त्याच रुग्णांची आकडेवारी नंतर तपासली, तेव्हा उपचारांच्या शेवटीही ज्यांचा दाब चढलेला होता त्यांचंच पुढे जास्त बिघडलं, असं दिसलं. भाकीत खरंच ठरलं की!

आणि आता नळी आत ठेवावी लागत नाही. पल्मनरी आर्टरीत एकदा छोटा सेन्सर बसवला, की पेशंट घरी खास उशीवर आडवा होऊन दाब पाठवतो. 2011 च्या चॅम्पियन चाचणीत 550 जणांना, म्हणजे सगळ्यांनाच, सेन्सर बसवला; आकडे मात्र निम्म्यांचेच डॉक्टरांना दिसत होते. फरक फक्त आकडा दिसण्याचा. सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरसाठीच्या भरत्या 28 टक्क्यांनी कमी.

गणिताचा मास्तर
'फरक फक्त आकड्याचा' हे घाईचं विधान आहे. आकडे दिसणाऱ्या गटाच्या डॉक्टरांना कंपनीच्या नर्सेस औषधांबद्दल सल्ला देत होत्या. अमेरिकेतली मंजुरी त्यावरच अडली आणि 2014 ला मिळाली. मग 2021 ची गाइड-एचएफ: 1000 रुग्ण, मुख्य निकालात फरक सिद्ध झाला नाही.

कोथरूडकर
मध्ये कोविड आला, लोक इस्पितळाकडे फिरकेनात. त्याच्या आधीपर्यंतचं विश्लेषण फायद्याकडे झुकतं. आणि 2023 ची नेदरलँड्समधली मॉनिटर-एचएफ? 348 रुग्ण, जगण्याचा दर्जा सुधारला, भरत्याही घटल्या.

गणिताचा मास्तर
कोविडआधीचा तुकडा कापून बघणं म्हणजे पावसाने धुतलेल्या मॅचमध्ये आपली बॅटिंग तेवढी मोजणं. डच चाचणी मात्र मान्य. पण तिथे कोणाला काय दिलं जातंय हे पेशंटला माहीत होतं, आणि बरं वाटतंय का हेही त्यालाच विचारायचं होतं.

तालुक्याचा डॉक्टर
तुमचा वाद रंगलाय, पण भाकीत बरोबर की चूक यावर माझं फारसं अडत नाही. दाब चढतोय हे कळल्यावर त्याच दिवशी लघवीची गोळी वाढवणारं कोणी आहे का, यावर अडतं. चाचण्यांत फायदा झाला तो औषधं बदलली म्हणून. सेन्सर स्वतः काही बरं करत नाही. माझ्याकडचा पेशंट लग्नसराईत पापड-लोणचं रेटून खातो, आठवड्यात तीन किलोने वाढतो आणि एसटीने येतो तो थेट ऑक्सिजनवर. त्याच्या घरी वजनकाटा आणि फोन उचलणारा माणूस असता, तरी निम्मं काम झालं असतं.

आणि फुकटचं मोजमापही विसरू नका. पेशंटला 45 अंशांत टेकवून मानेतली शीर बघा. छातीच्या हाडाच्या उंचवट्यापासून ती किती वर धडधडते ते मोजा, त्यात 5 सेंटीमीटर मिळवा: हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातला दाब, पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये. जाड मानेत चुकतं, कबूल.

आयसीयूवाली
+१. पण हल्ली मानेकडे बघतंय कोण? बेडशी आल्याआल्या नजर मॉनिटरवर.

शंकासुर
पुढच्या आठवड्यात काकांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) आहे. काय विचारू?

तालुक्याचा डॉक्टर
रिपोर्टमध्ये नुसता ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं) बघून थांबू नका, तो 60 असला तरी भरण्याचा दाब चढलेला असू शकतो. ई बाय ई-प्राइम (कप्पा भरतानाच्या रक्ताच्या वेगाला हृदयाच्या भिंतीच्या हालचालीच्या वेगाने भागून येणारा आकडा) किती ते विचारा. सरासरी 14 च्या वर असेल तर दाबाचा संशय घ्यायचा. टीआर व्हेलॉसिटी (उजव्या बाजूच्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग, सेकंदाला मीटरमध्ये) 2.8 च्या वर आहे का आणि डावं एट्रियम (डावीकडचा वरचा कप्पा) मोठं झालंय का, हेही.

कोथरूडकर
म्हणजे फिरून दाबावरच आलात की!

तालुक्याचा डॉक्टर
दाबाच्या अंदाजावर आलो. सुईही न टोचता. त्यावरून काकांची गोळी बदलली, तर तुमचा धागा कामी आला म्हणेन.