हवेवर थंड होणारी गाडी: जागेवर तापवायची की चालवत?

द्राक्षवाला_निफाड
आमच्या गल्लीत जानेवारीत पहाटे साडेपाचला एक बुलेट चालू होते आणि दहा मिनिटं जागेवरच धडधडत राहते. मालक म्हणतात, ऑइल तापल्याशिवाय गियर टाकायचा नाही. अहो, पण त्या दहा मिनिटांत ऑइल धड तापतच नाही! माझ्या २०१४ च्या बुलेट क्लासिकवर करून बघितलं. पाच मिनिटं आयडलवर ठेवली. वर फिन्सना (इंजिन गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांना) बोट लावलं, चटका बसला. खाली जिथे ऑइल साठतं त्या केसिंगवर तळहात टेकवला तर खुशाल टेकवून बसता आलं. डोकं तापलेलं, पोट गार. त्यात गाडी उभी, म्हणजे फिन्सना वारं नाही.
माझं मत: चालू करा, अर्धा मिनिट थांबा, निघा. पहिले आठ-दहा किमी अ‍ॅक्सिलरेटर पिळू नका. ऑइल चालत्या गाडीतच लवकर तापतं.

चोकओढ्या
सेल्फवाल्यांना बोलायला काय जातंय. माझी २००९ ची स्प्लेंडर चोक आत सारला की पहिल्याच चौकात मान टाकते, आणि मागे एसटी हॉर्न देत उभी. शिवाय गार ऑइल घट्ट असतं. ते इंजिनाच्या डोक्यातल्या टॅपेटपर्यंत चढायला वेळ नको?

द्राक्षवाला_निफाड
चोकचा संबंध पेट्रोलशी, ऑइलशी नाही. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही म्हणून मिश्रण दाट करायचं, एवढंच. ऑइलचा पंप इंजिनाबरोबर फिरतो, काही सेकंदांत वर पोचवतो. ऑइलच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू (विंटर) थंडीसाठीच आहे. उलट चोक ओढून ठेवला की जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) इंजेक्शनवाल्यांना तर हा प्रश्नच नाही.

पार्किंगवाला_पुणे
ज्याला तापवायची त्याने आमच्या खिडकीखालून पुढे नेऊन तापवावी. धूर थेट स्वयंपाकघरात येतो. बाकी चालू द्या.

जुना_मिस्त्री
पाच मिनिटांवरून कसले भांडता? सकाळी पहिला गियर खाडकन पडतो ते क्लचप्लेटा गार ऑइलने चिकटलेल्या असतात म्हणून. क्लच दाबून दोन किका मारा, सुटतात.
खरी वाट लागते ती जवळच्या फेऱ्यांनी. दूधवाल्यांच्या गाड्या येतात माझ्याकडे. दोन किमी जा, बंद कर, पुन्हा दोन किमी. ऑइलचं झाकण उघडलं की आत साय! अगदी दुधावरची वाटावी अशी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कडक तापलं तर ते उडून जातं, नाहीतर घुसळून साय. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर मोजून नाही, महिने मोजून बदलायचं. आणि आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किमी सलग पळवायची.

चोकओढ्या
हे पटलं. पण बुलेटमध्ये ऑइल दोन लिटरच्या वर, स्प्लेंडरमध्ये एकाच्या आसपास. दोघींना एकच आठ-दहा किमीचा नियम कसा? आणि कोल्हापूरच्या मे महिन्यालाही तोच?

द्राक्षवाला_निफाड
बरोबर, तो आकडा मी माझ्या गाडीवरून ठोकून दिला. तुमची अर्ध्यात तापेल.
मिस्त्री, तुमचं वाचून आत्ता टॉर्च घेऊन खाली गेलो. ऑइलची पातळी बघायच्या काचेत वरच्या कडेला पांढुरका थर आहे. बाग घरापासून तीन किमी. ह्या रविवारी वणीला जाऊन येतो.

जुना_मिस्त्री
जाऊन या. पण आल्यावर ऑइल बदला, वणीची वाट बघून बघून ते म्हातारं झालंय.