राज्यशास्त्रात पीएच.डी.: प्रवेशाची शक्यता कितपत?

प्रश्न
नमस्कार. मी मुंबई विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम.ए. केले असून गुण ६४ टक्के आहेत. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ शिष्यवृत्ती) मिळाली नाही; सध्या केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून कारभार प्रशासकाच्या हाती गेला, त्या काळावर संशोधन करायचे आहे. मुंबई, दिल्लीतील जेएनयू (जवाहरलाल नेहरू विद्यापीठ) आणि अमेरिकेतील काही विद्यापीठे डोळ्यांसमोर आहेत. जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे.

प्रतिसाद १
भारतात आणि अमेरिकेत शक्यता मोजण्याची रीत वेगळी आहे. इथे केवळ पीएच.डी.साठी पात्र ठरलेल्या तुमच्या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, शिवाय ते गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. पण खरी मेख मार्गदर्शकांकडील रिक्त जागांची आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थीच घेता येतात. त्यामुळे स्थानिक शासनावर काम करणाऱ्या मार्गदर्शकाकडे जागा नसेल, तर उत्तम मुलाखत देऊनही हाती काही लागत नाही. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातील विभागात जाऊन आधी तेवढी चौकशी करा.

अमेरिकेत निर्णय एका मार्गदर्शकाचा नसून समितीचा असतो आणि नामवंत विभागांत मोजक्या जागांसाठी शेकडो अर्ज येतात. तिथे ६४ टक्क्यांपेक्षा उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज), लेखनाचा नमुना आणि तीन शिफारसपत्रे निर्णायक ठरतात. तुमचा विषय चांगला आहे, मात्र ‘प्रशासकाच्या काळात मुंबईत काय घडले’ एवढ्यावर तो थांबला, तर समितीला ते वृत्तांकन वाटेल. ‘निवडून आलेले प्रतिनिधी नसताना नागरी सुविधांचे वाटप कसे बदलते’ असा प्रश्न मांडला, की २२७ प्रभाग हे तुमचे पुरावे होतात आणि अर्ज तुलनात्मक राजकारण या उपशाखेत नेमका बसतो. लेखनाच्या नमुन्यासाठी एम.ए.चा प्रबंध जसाच्या तसा पाठवू नका. ज्या प्रकरणात स्वतः गोळा केलेली माहिती आहे, तेवढेच नव्याने लिहा. आणि शुल्कमाफी व विद्यावेतन नसलेला प्रवेश हा नकारच समजावा.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, तरी पैशाचा विचार आधी व्हावा असे मला वाटते. जेआरएफमध्ये पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात; जेएनयूमध्ये जेआरएफ नसलेल्यांना मिळणारी ‘नॉन-नेट’ फेलोशिप दरमहा ८,००० रुपयांची आहे, आणि तेवढ्यात दिल्लीत वसतिगृहाबाहेर राहणे कठीणच. वय जेआरएफच्या मर्यादेत (सर्वसाधारणपणे ३० वर्षे, महिलांना ३५) असेल तर पुन्हा बसा. प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीचीही माहिती काढा, पण त्यांच्या जाहिरातींच्या वेळापत्रकावर घरखर्च बेतू नका.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. आमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या शिफारसपत्र द्यायला तयार आहेत. ते चालेल का?

प्रतिसाद १
त्यांनी तुम्हाला शिकवले नसेल तर नको. ‘विद्यार्थिनी कष्टाळू व नम्र आहे’ अशा पत्राने पदाचे वजन दिसते, तुमचे नाही. ज्यांनी तुमचा प्रबंध ओळीओळीने तपासला त्या अध्यापिकेला गाठा, तिच्या हाती प्रबंध आणि उद्देशपत्राचा मसुदा द्या, आणि हे सप्टेंबरमध्येच करा, कारण अमेरिकेतील बहुतेक मुदती डिसेंबरमध्ये संपतात.