मदत हवी आहे : गोव्यात मुलांसाठी विनामूल्य सुतारकाम कार्यशाळा कुठे भरतात?

नमस्कार मंडळी,

आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. आमची मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा आहे. या दोघांना खऱ्या लाकडावर, खऱ्या हत्यारांनी, स्वतःच्या हाताने काम करता येईल अशी विनामूल्य किंवा फार तर साहित्यापुरता खर्च घेणारी कार्यशाळा गोव्यात कुठे नियमितपणे भरत असल्यास तिची माहिती हवी आहे. कारागीर पुढे बसून प्रात्यक्षिक दाखवतात आणि मुले टाळ्या वाजवून घरी येतात, असे कार्यक्रम मला अभिप्रेत नाहीत. मुलाने लाकूड मोजावे, त्यावर रेघ मारावी, करवत चालवावी, पॉलिश पेपर घासावा आणि शेवटी तयार झालेली वस्तू घरी आणावी, एवढीच अपेक्षा आहे.

ही कल्पना मनात पक्की होण्याचे कारण माझी नणंद. ती अमेरिकेत असते आणि तिथल्या होम डेपो या बांधकाम-साहित्याच्या दुकानसाखळीत महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलांसाठी भरणाऱ्या विनामूल्य कार्यशाळेत आपल्या मुलांना नेते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या या उपक्रमात प्रत्येक मुलाला आधीच कापलेल्या सुट्या भागांचा संच आणि नारिंगी रंगाचा लहान ॲप्रन मिळतो. मुले आईवडिलांच्या सोबतीने खिळे ठोकून, गोंद लावून पक्ष्यांचे घरटे किंवा एखादी पेटी जोडतात आणि ती वस्तू त्यांचीच होते. पाच वर्षांच्या मुलासाठी हे उत्तमच आहे, पण दहा वर्षांच्या मुलीला केवळ जोडकाम पुरेसे वाटणार नाही. तिने फळी स्वतः मापून कापली पाहिजे, कारण माप चुकले तर सांधा बसत नाही, हे लाकूडच शिकवते. आपल्याकडे अशी दुकानसाखळी नाही, त्यामुळे इथे हा भार कोणी उचलायचा, हाही माझ्या प्रश्नाचाच एक भाग आहे.

पहिली विचारणा काही ठरावीक ठिकाणांविषयी आहे. कांपाल येथील बालभवनात संगीत, नृत्य, चित्रकला आणि हस्तकला शिकवतात हे आपण सारे जाणतो. तिथे लाकूडकामाचा वर्ग चालतो का, किंवा पूर्वी चालत असे का? पिळर्णच्या म्युझियम ऑफ गोवामध्ये मुलांसाठी कलेची सत्रे होतात. त्यांत कधी सुतारकाम झाले असल्यास आणि आपण मुलांना नेले असल्यास कृपया लिहावे. मिरामारचे विज्ञान केंद्र किंवा पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयाचा बालविभाग यांपैकी कुठे असा उपक्रम झाला असेल, तर तेही कळवावे. सावंतवाडीला पत्रादेवीची हद्द ओलांडून आम्ही आनंदाने जाऊ. तिथल्या चितार आळीतली लाकडी फळे मुलांना ठाऊक आहेत आणि राजवाड्यात गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवणारे कारागीरही पाहता येतात. पण तिथे मुलांच्या हाती हत्यार देणारे कोणी आहे का?

शुल्काविषयी थोडे स्पष्ट लिहिते. ज्या कार्यशाळांच्या जाहिराती माझ्यापर्यंत पोहोचतात, त्या बहुतेक किनारपट्टीवर, इंग्रजीतून आणि अशा शुल्कात असतात की दोन मुलांचा खर्च आमच्यासारख्या घराला एखाद्या वेळीच परवडेल. शिवाय आमच्या वाड्यावरची सगळी मुले एकत्र यावीत, कोकणी-मराठीतून बोलत शिकावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, आमच्या घराची दारे-खिडक्या केल्या, त्यांची नातवंडेही त्यांत असावीत. शुल्क आले की आधी तीच मुले गळतात.

गोव्यात हाताला वळण नाही असे मुळीच नाही. कुंकळ्ळीच्या चितारींचे लाखेच्या रंगांचे पाट आणि पाळणे, देवळांच्या रथांवरचे व चर्चमधल्या वेदींवरचे कोरीव काम, हे सारे इथल्याच हातांनी घडले. आजची मुलेही संधी मिळाली की मागे राहत नाहीत. दिवाळीच्या आधी वाड्यावाड्यांवर नरकासुर उभा राहतो तेव्हा बांबू आणि पट्ट्यांचा सांगाडा बांधण्यात, खिळे ठोकण्यात, तार पिळण्यात लहान मुलेही तासन्‌तास रमलेली दिसतात. तो उत्साह वर्षातून एका रात्रीपुरता न राहता महिन्यातून एका सकाळी हत्यारांसकट नीट शिकवला जावा, असे मला वाटते.

शिक्षक मंडळींना एक वेगळा प्रश्न आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या काळात १० दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे काम शिकावे, असे म्हटले आहे. आपल्या शाळेने त्यासाठी खरोखर एखाद्या मेस्तांना बोलावले असेल, तर ते कसे जमवले? हत्यारे कोणी आणली, एका वेळी किती मुले बसवली, पालकांची संमती कशी घेतली? माझी मुले अजून सहावीत पोहोचलेली नाहीत आणि तोवर थांबावे असे मला वाटत नाही, कारण वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी मुले ज्या एकाग्रतेने कानस घासतात, ती पुढे परीक्षांच्या धबडग्यात उरेलच असे नाही.

अशी नियमित कार्यशाळा कुठेच भरत नसेल, तर फोंडा परिसरात पंचायतीच्या किंवा देवस्थानाच्या सभागृहात महिन्यातून एकदा ती भरवण्याचा आम्हा काही पालकांचा विचार आहे. ज्यांना लाकूडकामाचा अनुभव आहे, त्यांनी आमची पुढील समजूत तपासून द्यावी, ही विनंती.

लाकूड मऊ हवे. सागवान महाग आणि लहान हातांना कठीण. म्हणून पांगारा, आंबा किंवा सामानाच्या खोक्यांचे पाइन वापरावे असे वाटते. वेर्णा आणि वास्को परिसरात लाकडी पॅलेट (माल रचून ठेवण्याच्या चौकटी) सहज मिळतात, मात्र ती घेताना शिक्का पाहायला हवा. एचटी असा शिक्का असलेले लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले असते, तर एमबी असलेल्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असे लाकूड मुलांच्या हाती नकोच. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) स्वस्त आणि सपाट असले तरी त्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंक असतो आणि त्याची धूळ फार बारीक उडते, म्हणून तेही वर्ज्य. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की मे महिन्यात नीट बसलेला सांधा जुलैत फुगतो. तेव्हा फळ्या कुठे आणि कशा ठेवाव्यात, बुरशी लागू नये म्हणून काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

हत्यारांबाबत माझी सर्वांत मोठी काळजी बसण्याच्या पद्धतीची आहे. आपले मेस्त जमिनीवर बसून, पायाने फळी दाबून सफाईने काम करतात. त्यांच्या हातात ते सहज असले तरी मुलांनी तसे करू नये. मुलांच्या कमरेइतक्या उंचीचे मजबूत बाक, त्यावर फळी घट्ट धरणारा शिकंजा आणि दोन्ही हात पात्याच्या मागे, हा पहिला नियम असावा. जपानी पद्धतीची करवत ओढताना कापते, तिचे पाते पातळ असते आणि जोर कमी लागतो, त्यामुळे लहानांना ती सोपी पडते असे वाचले आहे. आपल्यापैकी कोणी ती मुलांना वापरायला दिली आहे का? पहिल्या काही सत्रांत हलकी हातोडी, हाताने फिरवायचा ड्रिल, गुण्या, कानस आणि पॉलिश पेपर एवढेच द्यावे, पटाशी आणि रंधा मोठ्या मुलांना पुढे द्यावेत, आणि विजेवर चालणारे कोणतेही यंत्र मुलांच्या हाती देऊ नये, असे आमचे मत आहे. डोळ्यांवर चष्मा सर्वांना, पाहणाऱ्यांनाही.

काय करायला द्यावे, याबद्दल स्वीडनमधील नॅस येथे ओटो सालोमोन यांनी एकोणिसाव्या शतकात घडवलेली शिक्षणपद्धती मला पटते. तिच्यात मुलाने घडवलेली प्रत्येक वस्तू घरात वापरता येणारी असे आणि सोप्याकडून अवघडाकडे क्रम ठरलेला असे. आपल्याकडे गरम भांडे ठेवण्याची चौकट, मग चाव्या अडकवण्याची फळी, मग बसायचा लहान पाट, असा क्रम योग्य होईल का?

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मेस्तांच्या मानधनाचा आहे. कार्यशाळा मुलांसाठी विनामूल्य असावी, शिकवणाऱ्यासाठी नव्हे. रविवारची सकाळ देणाऱ्या कारागिराला त्याच्या दिवसाच्या मजुरीइतके मानधन मिळालेच पाहिजे, नाहीतर कौतुकाचे चार शब्द आणि श्रीफळ यांवर हा उपक्रम टिकणार नाही. हे पैसे पालकांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून उभे करावेत, हार्डवेअरच्या दुकानदारांना विनंती करावी, की एखाद्या सरकारी योजनेतून मिळू शकतील? सॉ मिलमधून उरलेले तुकडे मागितले तर देतात का? अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, यासाठी संमतिपत्र पुरते की विमा लागतो?

आम्हाला रविवार सकाळ सोयीची आहे आणि पणजी, मडगाव किंवा म्हापशापर्यंत मुलांना नेण्याची आमची तयारी आहे. ठिकाण, साधारण वयोगट आणि शिकवण्याची भाषा एवढे जरी कळवले तरी पुढची चौकशी मी स्वतः करीन. फोंडा, कुर्टी, मडकई परिसरातील जे पालक किंवा मेस्त यात सहभागी होऊ इच्छितात, त्यांनी इथे केवळ होकार कळवावा. दूरध्वनी क्रमांक मात्र उघडपणे देऊ नये, मी व्यक्तिगत निरोप पाठवीन.