मामांच्या डेमो कॅसेट डिजिटल कुठे करू, आणि ऐकायला सुरुवात कुठून करू? (ठाणे)

नौपाडाकर (शनिवार, रात्री ११.२०)

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं लिहिल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

माझे मामा गेल्या श्रावणात गेले. नौपाड्यातली त्यांची इमारत पुनर्विकासाला जातेय, महिनाअखेर घर रिकामं करायचंय. काल माळा आवरताना बुटांचे दोन खोके निघाले, आत ४३ कॅसेट. दुकानातून आणलेले अल्बम जेमतेम पाच-सहा. बाकीच्या टीडीके नाहीतर मॅक्सेलच्या, घरी भरलेल्या, आणि प्रत्येकीवर मामांचं हिरव्या शाईतलं बारीक अक्षर. 'मेटॅलिका, नो लाइफ टिल लेदर, ८२. नाशिकहून. पाचव्या हातची.' 'एक्झोडस डेमो, ८२.' 'डेथ, म्यूटिलेशन, ८६. उजवीकडचा आवाज मधेच जातो.' 'मेडन, साउंडहाउस.' पत्रांचा जुडगाही आहे, पुणे, बंगलोर, शिलाँग असे शिक्के. आणि तळाशी एक कॅसेट, जिच्यावर एवढंच लिहिलंय : 'आम्ही. वर्तकनगर. मे ८९.'

मामा बँकेत होते. त्यांच्या हातात गिटार आम्ही कुणीच कधी पाहिली नाही. मामी म्हणते, लग्नाआधी मित्रांबरोबर काहीतरी वाजवायचे, पण तिनेही ते ऐकलेलं नाही.

या कॅसेट सांभाळून कॉम्प्युटरवर घेणारं ठाणे-नवी मुंबईत कुणी आहे का? एका दुकानात नमुन्याला एक दिली होती. टेप चुरगळून परत आली आणि सोबत एक एमपी३ मिळाली, त्यामुळे आता हात लावायची भीती वाटते. दुसरं, मी हेवी मेटल ऐकते पण अल्बमचंच. चांगला अल्बम उपलब्ध असताना त्याच गाण्याच्या खरखरीत डेमोसाठी, म्हणजे अल्बमआधीच्या कच्च्या रेकॉर्डिंगसाठी, माणसं एवढा जीव का टाकतात, हे मला समजून घ्यायचंय. मामा बोलायचे नाहीत फार. या खोक्यांतूनच काही कळलं तर.

तलावपाळी

मामांबद्दल वाईट वाटलं. सध्या एकही वाजवू नका. ऐरोलीवाल्यांना या विषयातलं कळतं, त्यांची वाट पाहा. खोके टीव्ही किंवा स्पीकरशेजारी ठेवले असतील तर आत्ताच हलवा, स्पीकरच्या चुंबकाजवळ कॅसेट नकोत.

ऐरोलीचा_डेक

ताई, घाई करू नका. 'आम्ही' ही सगळ्यांत शेवटी वाजवायची. मेटॅलिका आणि डेथच्या प्रती जगात आणखी कुणाकुणाकडे आहेत, हिची दुसरी प्रत बहुतेक नाही. बाकीच्यांवर हात बसू द्या.

आधी प्रत्येक कॅसेट उजेडात तिरकी धरून खिडकीतून बघा. टेपच्या गुंडाळीवर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. ठाण्यातले इतके पावसाळे माळ्यावर काढल्यावर दोन-चारांना तरी असणार. त्या वेगळ्या पिशवीत ठेवा आणि डेकमध्ये अजिबात घालू नका, हेडवरून (डेकचा टेप वाचणारा भाग) ती पुढच्या कॅसेटला लागते. मग कॅसेटच्या तोंडाशी मधोमध टेपच्या मागे नमद्याची चिमुकली गादी असते ती आहे का पाहा. जुन्या कॅसेटमध्ये गोंद वाळून ती गळून पडते, मग टेप हेडला टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. बदलता येते. स्क्रूची बॉडी असेल तर सोपं आहे, चिकटवलेली असेल तर माझ्याकडे आणा, घरी उचकटू नका.

वरच्या कडेला दोन खाचा असतात. तिथले प्लास्टिकचे तुकडे शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मामांच्या टेपवर काही भरलं जाणार नाही. हे आजच करा.

वाजवण्याआधी टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे न्यायची. वर्षानुवर्षं एका जागी घट्ट बसलेली असते, ती सैल होते. ऑनलाइन मिळणारे हाताएवढे स्वस्त यूएसबी प्लेअर नकोत, त्यांचा वेगच स्थिर नसतो. चांगला डेक, त्यातून ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरवर घेणारं यंत्र), आणि २४ बिट वेव्ह फाइल. एमपी३ नंतर कितीही करता येतात. डेकवरचं डॉल्बी, म्हणजे सुंसुं कमी करायची सोय, बंद, मामांनी लेबलवर तसं लिहिलं असेल तरच लावायचं.

सगळ्यांत महत्त्वाचं, आणि दुकानं जे हमखास वगळतात, ते म्हणजे हेडचा कोन. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. ज्या डेकवर टेप भरली गेली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या हेडचा कोन जुळला नाही तर वरचे सूर बोथट होतात, झांजा ऐकूच येत नाहीत. मामांच्या टेप पाच गावांतल्या पाच डेकवर भरलेल्या, म्हणून प्रत्येक कॅसेटला तो स्क्रू कानाने नव्याने लावावा लागतो. एका कॅसेटला दीड-दोन तास जातात.

माझ्याकडे तीन हेडचा डेक आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने दुसरं स्टेशन. रविवारी घेऊन या, पैशांचं बोलू नका.

रंगभवनी

भाची म्हणतो, तुझ्या मामाच्याच वयाचा आहे. धोबीतलावच्या रंगभवनात आय-रॉक हा रॉक महोत्सव बघत मोठे झालेल्यांपैकी. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय, कारण ते मला अनेक वर्षं कुणीतरी विचारावं असं वाटत होतं.

'नो लाइफ टिल लेदर' जुलै १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात रेकॉर्ड झाली. सात गाणी. लीड गिटारवर डेव्ह मस्टेन, बासवर रॉन मॅकगव्हनी. तेव्हा बँडचा अल्बम नव्हता, ही टेप हाच बँड. एकाने दुसऱ्याला भरून द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. अशीच ती न्यू जर्सीला जॉन झझुलाच्या हाती पडली. तो जुन्या बाजारात रेकॉर्डचा गाळा चालवायचा. त्याने पोरांना देशाच्या या टोकाहून त्या टोकाला बोलावून घेतलं आणि त्यांचा अल्बम काढण्यासाठी स्वतःची कंपनी उभी केली. जुलै १९८३ मध्ये 'किल देम ऑल' आला. पण तोवर मॅकगव्हनी गेला होता, आणि एप्रिलमध्ये मस्टेनलाही काढलं होतं. त्याच्या जागी आलेला कर्क हॅमेट हा तुझ्या खोक्यातल्या एक्झोडसच्या डेमोवरचा गिटारवाला. तुझ्या मामाने या दोन टेप जवळ ठेवल्या असतील तर त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

आता ऐकायचं कसं. त्या टेपवरचं 'द मेकॅनिक्स' लाव. मग 'किल देम ऑल'वरचं 'द फोर हॉर्समेन' लाव. गाणं तेच, शब्द बदललेले, चाल थोडी धीमी, मधे एक संथ तुकडा घातलेला. मग मेगाडेथच्या १९८५ च्या पहिल्या अल्बमवरचं 'मेकॅनिक्स'. मस्टेन आपलं गाणं घेऊन गेला आणि आणखी वेगाने वाजवलं. तिन्ही एका बसणीत ऐक. पहिल्यात ते गाणं अजून कुणाचंच झालेलं नाही. पुढे काय होणार हे त्या खोलीतल्या चौघांना माहीत नाही, आणि ते वाजवण्यात ऐकू येतं.

तू ठाण्याची आहेस म्हणून सांगतो. गडकरीला शंभरावा प्रयोग बघतेस तेव्हा नटाला टाळी कुठे पडणार ते ठाऊक असतं. तालमीत ठाऊक नसतं, तो प्रत्येक वाक्य चाचपून बोलत असतो. ज्यांनी तालमी पाहिल्यात त्यांना प्रयोग कमी आवडतो असं नाही, पण तालमीतलं एखादं वाक्य त्यांच्या कानातून जात नाही. डेमोचं वेड ते.

आणि 'पाचव्या हातची' या शब्दांवरून घाईने पुढे जाऊ नकोस. जपून भरणारे दुप्पट वेगाचं बटण वापरत नसत. म्हणजे पाच वेळा कुणीतरी दोन डेक जोडून, पूर्ण टेप वाजेपर्यंत जवळ बसलंय. प्रत्येक वेळी थोडी सुंसुं वाढली, थोडे वरचे सूर गेले. एखादी टेप तिसऱ्या हातची मिळाली तर आम्ही आपली पाचव्या हातची मित्राला देऊन टाकायचो. एखादा हात वाचावा म्हणून परगावी पत्रं लिहायचो, महिना-दीड महिना पोस्टमनची वाट बघायचो. त्या पाकिटांवरचे पत्ते इथे टाकू नकोस, पण पत्रं वाच. त्यात 'तुझ्या कॉपीत कितवी गिटार ऐकू येते' असले प्रश्न सापडतील.

सानपाडा_लोकल

रंगभवनी काकांनी मेटॅलिकाचं सांगितलंय, मी बाकीचं थोडक्यात.

आयर्न मेडनची 'साउंडहाउस टेप्स' १९७८ च्या वर्षअखेरीला केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत रेकॉर्ड झाली. मूळ मास्टर टेप विकत घ्यायला पोरांकडे पैसे नव्हते. नंतर पैसे जमवून गेले तोवर स्टुडिओने ती पुसलेली होती. हे मला प्रत्येक वेळी पोटात लागतं. नोव्हेंबर १९७९ मध्ये स्वतःच ५००० प्रती काढून टपालाने विकल्या, तीन गाणी. चौथं 'स्ट्रेंज वर्ल्ड' मनासारखं झालं नाही म्हणून गाळलं. या रेकॉर्डच्या नकली प्रती इतक्या आहेत की 'अस्सल साउंडहाउस' म्हणून कुणी काही विकायला लागलं तर पैसे काढू नका. मामांची प्रत टेपवर भरलेली, तिची किंमत वेगळी.

डेथची 'म्यूटिलेशन' १९८६ ची, तीन गाणी, चक शुल्डिनर आणि ड्रमवर ख्रिस रायफर्ट. पुढच्या वर्षी 'स्क्रीम ब्लडी गोर' आला. दोन्ही लागोपाठ ऐका. डेथ मेटल हा प्रकार घडत असताना ऐकायला मिळतो. 'नो लाइफ' २०१५ मध्ये बँडने स्वतः कॅसेटवर पुन्हा काढली, ती मिळाली तर पडताळायला कामाला येईल.

चिंब_जुलै

एक सुचवतो. आता एआयने आवाज साफ करणारी सॉफ्टवेअर आहेत. सुंसुं, विजेची घरघर, सगळं जातं, गिटार-ड्रम-आवाज वेगळेही होतात. भरतानाच साफ करून घ्या, पुन्हा बसायला नको. घर रिकामं करायचंय, वेळही कमी आहे.

ऐरोलीचा_डेक

साफ करा, पण दुसऱ्या प्रतीवर. पहिली फाइल टेपवर आहे तशी, सुरुवातीच्या कोऱ्या भागापासून शेवटच्या खट्ट आवाजापर्यंत. घरघर काढली की परत येत नाही, आणि ती कशाला लागेल हे आज सांगता येत नाही.

रंगभवनी

याला माझा पूर्ण दुजोरा. चिंब, तुमचा हेतू चांगला आहे, पण ती सुंसुं म्हणजे मधल्या पाच माणसांची हजेरी आहे. ती पुसायचा हक्क मला तरी माझा वाटत नाही.

चिंब_जुलै

पटलं. ऐकायच्या प्रतीवर मदत लागली तर सांगा, घणसोलीत असतो.

नौपाडाकर (तीन आठवड्यांनी)

आधी सगळ्यांचे मनापासून आभार. घर रिकामं झालं, खोके आता माझ्याकडे आहेत. चार कॅसेटना बुरशी निघाली, त्या बाजूला ठेवल्यात. ऐरोलीदादांकडे तीन रविवार झाले, बारा कॅसेट झाल्या. त्यांनी स्क्रू फिरवला आणि कांबळ्याखालून बाहेर आल्यासारख्या झांजा ऐकू आल्या, तो क्षण मी विसरणार नाही. 'म्यूटिलेशन'चा उजवा आवाज मात्र खरंच मधेच जातो, तो तसाच आला होता.

तीन 'मेकॅनिक्स' एका बसणीत ऐकली. काका, पहिल्यातली घाई ऐकू आली. ते गाणं मी परत चार वेळा लावलं.

काल 'आम्ही' वाजवली. मामीला घेऊन गेले होते. कॅसेट मुळात विकतची नाट्यसंगीताची होती, खाचांवर सेलोटेप लावून वरून भरलेली. सुरुवातीला कुणीतरी गिटारच्या तारा एकेक करून लावतं, मग एकच तुकडा पुन्हा पुन्हा, सात वेळा. मधे एक मुलगा म्हणतो, "परत. पहिल्यापासून." आवाज पातळ, पोरसवदा. मामी म्हणाली, हे नाहीत.

दादांनी घरघर मोजली. टेपभर विजेची घरघर आहे, ती ५० हर्ट्झच्या आसपास हवी, भरली साडेएक्कावन्न. ते म्हणाले, तेव्हा विजेची वारंवारताही वर-खाली व्हायची, एवढ्यावर विसंबायचं नाही. म्हणून तारा लावतानाची जाड तार मोजली. ती ८२ च्या थोडी वर हवी, आली ८५ च्या जवळ. दोन्हीकडून हिशेब तोच : भरणारा टेपरेकॉर्डर मंद चालत होता, त्यामुळे आता सगळं तीन टक्के जास्त वेगात वाजतंय. त्यांनी दुसऱ्या प्रतीचा वेग तेवढा उतरवला आणि तेच वाक्य पुन्हा लावलं.

"परत. पहिल्यापासून."

मामीने ओठांवर हात ठेवला. मग म्हणाली, मला स्कूटर शिकवताना अगदी असंच म्हणायचे.

आठव्या वेळी ते पूर्ण गाणं वाजवतात. चार मिनिटं. संपल्यावर कुणी काही बोलत नाही, खट्ट आवाज येतो आणि एका तानेच्या मधोमध नाट्यसंगीत सुरू होतं. दादांनी विचारलं, इथे कापू का? मामी म्हणाली, राहू दे, ती कॅसेट सासूबाईंची होती.

आता शेवटचं विचारणं. पत्रांत नाशिकच्या एका गृहस्थांची अकरा पत्रं आहेत. 'तुमचं स्वतःचं कधी भरून पाठवताय' असं ते चार वेळा विचारतात. मामांनी पाठवलेलं दिसत नाही. ८८-९० च्या सुमाराला ठाण्यात 'नो लाइफ' पाठवणारे तुम्ही असाल, किंवा तुमच्या ओळखीचे असतील, तर इथेच फक्त 'हो' लिहा, मी खाजगीत संपर्क करते. फाइल नको, कॅसेटवरच भरून पाठवायचं आहे. कोरी चांगली कॅसेट कुठे मिळेल?

रंगभवनी

टीडीके एसए नव्वदच्या दोन आहेत माझ्याकडे, प्लास्टिकही न फाडलेल्या. रविवारी ऐरोलीला घेऊन येतो.