आधी ‘मोरी’ कळू द्या, मग फोकस ग्रुप घ्या

गौरी_टार्नीट (धागाकर्ती)
काल मंडळाच्या ग्रुपवर पोस्ट फिरली. एका विद्यापीठाची टीम ‘बहुसांस्कृतिक समाजांशी भागीदारी करून वृद्धसेवा सुधारायला’ रविवारी हॉलवर येतेय. साठीपुढच्या मराठी लोकांनी ‘फोकस ग्रुप’ला, म्हणजे गटात बसून त्यांच्या प्रश्नांवर बोलायला, दोन तास द्यायचे, चहा आणि ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड मिळेल. खाली अंगठ्यांची रांग. माझ्याच्यानं अंगठा देववला नाही, म्हणून इथे लिहितेय.

सासूबाई शेवटची पावणेदोन वर्षं मेलबर्नच्या पश्चिमेला एका नर्सिंग होममध्ये होत्या. माहेर कऱ्हाडचं, सासरे रेल्वेत, त्यामुळे उमेद इटारसीत गेली. हिंदी फर्डं, इंग्रजी कामापुरतं. डिमेन्शियात आधी इंग्रजी गेलं, मागोमाग हिंदी. उरली ती कऱ्हाडची मराठी. एका दुपारी मी गेले तर गाऊन ओला, पाय गारठलेले. नोंदीत लिहिलेलं: ‘सकाळपासून मॉरीला हाका मारतायत, अस्वस्थ.’ मॉरी नावाचा मुलगा-बिलगा आहे का म्हणून पोरींनी फाइलही चाळली होती. त्या बिचाऱ्या ‘मोरीला जायचंय, मोरीला’ म्हणत होत्या.

त्याच्या दोन वर्षं आधी अशीच एक टीम आली होती. मी दोन तास बसले, रडले, सगळं सांगितलं. पुढे कुणाचा फोन नाही, कागद नाही. आता परत तेच प्रश्न?

विसोबा
शब्दाशब्दाशी सहमत. हे पैसे काम करणाऱ्या मुलींच्या पगारात घाला. २०२३ मध्ये १५ टक्के वाढ मिळाली तीही युनियन भांडली म्हणून, संशोधनाचे पेपर छापून आले म्हणून नाही. प्रत्येक वृद्धामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटं सेवा द्यायचा नियम आहे, त्यातली ४४ नर्सची. त्या हिशेबात माणसाची भाषा कळण्यासाठी एक मिनिट तरी धरलंय का?

अनघा_जेरियाट्रिक्स
गौरीताई, वाचून पोटात कालवलं. तरी ठाम असहमत, आणि विसोबांशी तर पूर्णच. आज इथे परदेशातून आलेल्या म्हाताऱ्यांची स्मृती ‘रुडास’ चाचणीने तपासतात. ती सिडनीतच, वेगवेगळ्या समाजांच्या लोकांना टेबलाशी बसवून केलेली आहे, २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी शाळा न शिकलेल्या बायकांनाही इंग्रजी वळणाचे प्रश्न विचारून ‘डिमेन्शिया’चा शिक्का मारला जायचा. नॅशनल एजिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने घरी सांभाळणाऱ्यांसाठी छोट्या फिल्म केल्या, त्याही सांभाळणाऱ्यांनाच बरोबर घेऊन. अरबी, मँडरिन, कँटोनीज, हिंदी, तमिळ. माझ्या किती पेशंटच्या सुनांनी त्या पाहून पहिल्यांदा ‘हा आजार आहे, हट्ट नाही’ असं मान्य केलं. हे आभाळातून पडलं नाही. कुणीतरी रविवारचे दोन तास दिले होते.

गौरी_टार्नीट
रुडास आमच्याकडे झालेली आहे. वाण्याकडून आणायच्या चार वस्तू लक्षात ठेवायच्या: चहा, तेल, अंडी, साबण. सासूबाईंनी तीन धडाधड सांगितल्या आणि गप्प. परत विचारलं तर म्हणाल्या, “आमच्यात अंडी आणत नाहीत.” वस्तूला दोन मार्क, गेले. ३० पैकी २१. बावीस किंवा खाली आलं की शंका. त्यांना आजार होताच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दिवशी त्या विसरल्या नव्हत्या हो.

अनघा_जेरियाट्रिक्स
बरोबर आहे. मान्य. पण ही अंड्याची गोष्ट संशोधकाला सांगणार कोण? तुम्ही रविवारी गेला नाहीत तर कुणीच नाही.

पुणेरी_क्लेटन
फिल्म हिंदीत आहेत ना? मग प्रश्न मिटला. आपण इथे मूठभर. प्रत्येक भाषेसाठी वेगळं मागत बसलो तर काहीच होणार नाही. मराठी माणसाला हिंदी येतंच.

रांगडा_सांगली
आलं! ‘मराठी माणसाला हिंदी येतंच.’ हेच ऐकत मोठे झालो. पहिलीच्या पोरांवर हिंदी लादायला निघाले, लोक एकवटले तेव्हा कुठे जून २०२५ मध्ये जीआर मागे घ्यावा लागला. आता मरतानाही हिंदीतच मरायचं का?

पुणेरी_क्लेटन
इथे म्हाताऱ्यांचं चाललंय, राजकारण घुसवू नका. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, टीव्हीवर हिंदी बातम्याच बघतात. व्यवहाराचं बोलतोय मी.

रांगडा_सांगली
तुमच्या वडिलांना डिमेन्शिया नाही म्हणून व्यवहार सुचतोय. गौरीताईंनी वर काय लिहिलंय? इंग्रजीच्या मागे हिंदी गेलं. वाचता तरी का नुसतं ठोकता?

पुणेरी_क्लेटन
भाषा सांभाळून. वडिलांवर जाऊ नका.

अश्विनी_केअरवर्कर
भांडण जरा थांबवा, मी हेच काम करते, पाच वर्षं झाली. आमच्याकडे एक नागपूरचे आजोबा होते. मी मराठीत “काका, कूस बदलू का?” विचारलं की हात सैल सोडायचे. इंग्रजीत विचारलं तर पलंगाचा कठडा घट्ट धरायचे, की ‘विरोध करतो’ अशी नोंद. एकदा मॅनेजरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “फ्लोअरवर फक्त इंग्रजी, बाकीच्यांना वाटतं तुम्ही त्यांच्याबद्दल बोलताय.” मी पुढे दार लावून बोलायचे, चोरी केल्यासारखं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या वृद्धसेवेच्या नव्या कायद्यात पसंतीच्या भाषेत बोलायचा, दुभाषा मिळायचा हक्क लिहिलेला आहे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये त्याची एक स्लाइड दाखवली.

विसोबा
म्हणजे हक्क आहे, माणूस नाही. मी तेच म्हणतोय.

मिहीर_विंडम
माणसं आहेत की! आपली किती पोरं नाटीची सीसीएल, म्हणजे भाषांतराची परीक्षा, मराठीत देतात? पीआरचे (इथे कायमचं राहायच्या परवान्याचे) पाच पॉइंट मिळाले की मराठीचं पुस्तक बंद. मीही त्यातलाच. ती परीक्षा दुभाषाचं लायसन्स नाही हे ठाऊक आहे, पण शनिवारी तासभर जाऊन कुणाशी गप्पा मारायला लायसन्स कशाला हवं? गेलो नाही कधी. गौरीताईंची पोस्ट वाचल्यापासून ते टोचतंय.

अनघा_जेरियाट्रिक्स
गप्पा जरूर, पण औषध, संमती, चाचणी यात घरच्यांनी किंवा स्वयंसेवकानं दुभाषा होऊ नये. मुलगा भाषांतर करताना आईला लाजतो, अर्धं गिळतो. १३१ ४५० वर फोनवर दुभाषा मिळतो.

गौरी_टार्नीट
आमच्या होममध्ये तो नंबर नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर चिकटवलेला होता. पावणेदोन वर्षांत एकदाही कुणी फिरवला नाही. चाचणीच्या दिवशी भाषांतर माझ्या नवऱ्यानंच केलं.

पुणेरी_क्लेटन
गौरीताई, हिंदीचं मी घाईत लिहिलं. तुमच्या सासूबाईंचं नीट वाचायला हवं होतं. सांगलीकरांशी मात्र सहमत नाही आणि होणारही नाही.

रांगडा_सांगली
नका होऊ. पण रविवारी या.

गौरी_टार्नीट
अनघाताई, तुमचं अर्धं पटलं. अर्धंच. मी रविवारी जाईन, पण आधी मेल टाकलीय: निष्कर्ष मराठीत लिहून सहा महिन्यांत ह्याच हॉलवर येऊन वाचून दाखवायचे. प्रश्न ठरवायच्या बैठकीत आमच्यातले दोघं हवेत, त्यातली एक प्रत्यक्ष अंग पुसणारी, म्हणजे अश्विनी, तयार असशील तर तू. आणि त्या दोघांना गिफ्ट कार्ड नाही, तासाचा मेहनताना. उत्तर आलं नाही तर चहा पिऊन परत येईन.

तोवर एक काम आपलं आपण करू. पलंगाशेजारी लावायला एक कागद: मराठी शब्द, इंग्रजी लिपीत उच्चार, अर्थ. मोरी. तहान. ऊन पाणी. दुखतंय. कूस. आणखी सांगा.

अश्विनी_केअरवर्कर
मी तयार आहे, रविवारची शिफ्ट बदलून घेते. कागदावर ‘पित्त झालंय’ घाला. एका आजींचं ते कुणीतरी मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं, ‘बाइल’ आलं, आणि लिव्हरच्या तपासण्या लावल्या. त्यांना फक्त कोकम सरबत हवं होतं.

मिहीर_विंडम
‘जीव घाबरा होतोय.’ हे इंग्रजीत कसं लिहायचं ते कुणीतरी सांगा.