मदत हवी आहे : उस्मानी सुलतानांच्या स्त्रियांना मराठीत नेमके काय म्हणावे?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी मी इस्तंबूलच्या उस्मानी (ऑटोमन) राजवाड्यातील स्त्रियांवर लेख लिहीत आहे. हुर्रेम, नूरबानू, साफिये, कोसेम आणि तुर्हान या पाच जणींभोवती तो गुंफला असून कच्चा मसुदा तयार आहे; मात्र पहिल्याच परिच्छेदात मी अडले आहे, कारण या स्त्रियांचे सुलतानाशी जे नाते होते त्याला साजेसा मराठी शब्द मला सापडत नाही. जो शब्द घ्यावा तो आपल्यासोबत आपल्याकडची एखादी चुकीची समजूत घेऊन येतो.

'राणी' म्हटले की लग्न आले, सोयरीक आली, माहेर आले. उस्मानी घराण्याने तर पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर राजघराण्यांतील मुली करून घेणे जवळजवळ थांबवलेच होते. सासुरवाडीच नसली म्हणजे सिंहासनाच्या भांडणात व्याह्यांची फौज मध्ये पडण्याचा प्रश्न उरत नाही, असा त्यामागचा हिशेब दिसतो. वारसांना जन्म देणाऱ्या स्त्रिया युद्धात पकडलेल्या, क्रिमियाच्या तातारांनी धाडी घालून पळवलेल्या किंवा बाजारातून विकत घेतलेल्या असत. हुर्रेम आजच्या युक्रेनच्या पश्चिम भागातून आली, साफियेचे मूळ अल्बेनियातले मानतात, आणि नूरबानू व्हेनिसच्या सरदारघराण्यातली की कोर्फू बेटावरची ग्रीक याविषयी अभ्यासकांत अजून वाद आहे. राजवाड्यात पाऊल टाकताच त्यांचा धर्म बदलत असे आणि जुने नाव जाऊन फारसी किंवा अरबी वळणाचे नवे नाव मिळत असे. ज्यांना माहेरच उरले नाही अशा बायकांना 'राणी' म्हणताना माझा हात अडखळतो.

'रखेल' हा शब्द मी बाजूला ठेवला आहे. त्यात जी चोरटेपणाची छटा आहे, ती इथे मुळीच नाही. राहिला 'दासी'. कायद्याच्या दृष्टीने तो सर्वांत जवळचा आहे, पण त्याच्या मागोमाग आपल्याकडे 'दासीपुत्र' आणि 'लेकावळा' हे शब्द उभेच असतात, आणि लेकावळा म्हटला की वारशात दुय्यम हे वाचकाने न सांगता गृहीत धरलेले असते. उस्मानी व्यवस्थेत नेमके उलट होते. मालकापासून मूल झालेली दासी 'उम्मुवलद' ठरे, म्हणजे तिला पुन्हा विकता येत नसे आणि मालकाच्या मृत्यूनंतर ती आपोआप मुक्त होई. तिचे मूल जन्मतःच स्वतंत्र असे आणि विवाहित पत्नीच्या मुलाइतकाच त्याचा हक्क असे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत तख्तावर बसलेले बहुतेक सुलतान अशाच मातांचे पुत्र होते, आणि त्यात कोणाला काही उणे वाटत नव्हते.

याहून अवघड गोष्ट अशी की या स्त्रियांची खरी ओळख सुलतानाच्या शय्येवरून ठरत नसे, मुलावरून ठरे. मुलगा झाला की सुलतानाने त्या स्त्रीपासून दुसरे मूल होऊ द्यायचे नाही, असा प्रघात होता. शहजादा मोठा होऊन प्रांताच्या कारभारावर गेला की आई त्याच्यासोबत जाई आणि त्याचा संसार, त्याचे सल्लागार, त्याचा बचाव हे सारे पाही. सुलतान सुलेमानाचा मुलगा मुस्तफा १५३३ मध्ये मनिसा प्रांताच्या कारभारावर गेला तेव्हा त्याची आई माहिदेवरान त्याच्याबरोबर गेली. १५५३ मध्ये सुलेमानाने मुस्तफाला ठार करवल्यावर ती बुर्सा येथे ओढगस्तीत राहिली, आणि पुढे दुसऱ्या सलीमाने, म्हणजे सवतीच्या मुलाने, तिची सोय लावली. हुर्रेमने हा सगळा प्रघात मोडला : तिला एकाहून अधिक मुलगे झाले, १५३४च्या सुमारास सुलेमानाने तिच्याशी रीतसर लग्न केले, आणि मुलांसोबत प्रांतात न जाता ती राजधानीतच राहिली. तिला 'हासेकी' ही पदवी आणि रोजचे दोन हजार अक्चे (चांदीची नाणी) वेतन होते. म्हणजे एकच शब्द माहिदेवरानलाही लागू पडावा आणि हुर्रेमलाही, ही माझी खरी अडचण आहे.

आणखी दोन बारीक शंका आहेत. 'हरम'ऐवजी सरळ 'जनानखाना' लिहिले तर चालेल का? आणि नावे तुर्की उच्चाराप्रमाणे लिहावीत की मूळ फारसीप्रमाणे? 'हुर्रेम' म्हणजे आपल्याला शाहजहानच्या नावातून माहीत असलेला 'खुर्रम', आनंदी, हे कळले की वाचकाला नाव एकदम जवळचे वाटते.

पहिला प्रतिसाद

ताई, एकच शब्द शोधण्याचा हट्ट सोडावा असे मी सुचवीन. राजवाड्याने स्वतःच एक शब्द वापरलेला नाही. साधी दासी ती 'जारिये' (रोमन लिपीत तो शब्द 'सी'ने सुरू होतो म्हणून पुष्कळ जण 'कारिये' लिहितात, ते टाळावे), सुलतानाच्या नजरेत भरलेली ती 'गोझदे', त्याच्या सहवासातील ती 'इकबाल', आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतील मानाची ती 'हासेकी'. पुढे हासेकी मागे पडून 'कादन' आली आणि पहिली कादन, दुसरी कादन अशी क्रमवारी लागली. आपल्या थोरल्या-धाकट्या राणीसाहेबांची आठवण व्हावी अशी. हे शब्द तसेच ठेवून पहिल्या वेळी अर्थ सांगितला तर वाचक कुरकुरत नाहीत. एकत्रित उल्लेखासाठी 'सुलतानाच्या स्त्रिया' हेच पुरेसे आहे. आपल्या शीर्षकात आपण ते सहज वापरलेही आहे.

लग्नाच्या बाबतीत मात्र मसुदा सैल पडू देऊ नये. हुर्रेमचा विवाह हा अपवाद होता आणि त्या काळी लोकांना तो इतका विचित्र वाटला की तिने सुलतानावर चेटूक केल्याची वदंता उठली. तिच्या पुढच्या सगळ्या हासेकींना 'पत्नी' म्हणून टाकू नये.

दुसरा प्रतिसाद

'जनानखाना' शब्दाला माझी हरकत नाही, फक्त त्यातून निव्वळ विलासाचे चित्र उभे राहू नये. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील हरममध्ये राहणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांचा सुलतानाशी शरीरसंबंध कधी आलाच नाही. त्या कपडे, कॉफी, हमाम, खजिना अशी कामे सांभाळत, शिवणटिपण आणि वाचन शिकत, आणि साधारण नऊ वर्षांच्या सेवेनंतर मुक्तिपत्र घेऊन राजवाड्यातच वाढलेल्या एखाद्या अधिकाऱ्याशी लग्न करून बाहेर पडत. या सगळ्यांवर सत्ता चालत असे ती सुलतानाच्या आईची, वालिदे सुलतानची, आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार मुख्य खोजाच्या, म्हणजे हरमची राखण करणाऱ्या षंढ सेवकांच्या प्रमुखाच्या, हातून होई. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मक्का-मदिनेच्या धर्मादाय मिळकतींची देखरेखही या खोजाकडे होती, यावरून त्याचे वजन किती होते ते समजावे.

विलासाच्या कथा रचल्या त्या ज्यांना आत पाऊल टाकता येत नव्हते अशा पुरुषांनी. लेडी मेरी वॉर्टली मॉन्टेग्यू या इंग्रज वकिलाच्या पत्नीने १७१८ मध्ये दुसऱ्या मुस्तफाच्या विधवेची भेट घेतली, तेव्हा सुलतान आवडत्या स्त्रीपुढे रुमाल टाकतो ही युरोपभर पसरलेली गोष्ट खोटी असल्याचे तिला खुद्द घरच्या बाईकडूनच ऐकायला मिळाले. हा प्रसंग लेखात अवश्य घ्यावा.

एक दुरुस्तीही सुचवतो. पाच जणींची नावे आपण एका दमात घेतली आहेत, पण हुर्रेम कधीच वालिदे झाली नाही. ती १५५८ मध्ये वारली आणि सुलेमान १५६६ पर्यंत जगला, त्यामुळे सलीमाचे राज्य तिने पाहिले नाही. उरलेल्या चौघी वालिदे होत्या, आणि त्यांची पत्रे, बांधकामे, राजकारण यांतले बरेचसे त्याच पदावरचे आहे. साफियेला इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीकडून १५९९ मध्ये घोडागाडी भेट आली ती तिसऱ्या मेहमेदाची आई म्हणून, आणि त्याच मेहमेदाने १५९५ मध्ये गादीवर येताना आपल्या एकोणीस भावांना मारवले होते हे विसरता येत नाही. त्या एकोणीस जणांच्या आया कोण होत्या, हा प्रश्न आपल्या लेखाला शोभेल.

तिसरा प्रतिसाद

मी छत्रपती संभाजीनगरचा. लेखाचा शेवट १९२४ पर्यंत नेणार असाल तर आमच्या बाजूचा एक धागा जोडता येईल. खिलाफत रद्द होऊन घराणे हद्दपार झाल्यावर शेवटचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद फ्रान्समध्ये राहिले, आणि त्यांची कन्या दुर्रुशेहवार हिचा विवाह १९३१ मध्ये नीस येथे हैदराबादच्या निजामाचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. खलिफांसाठी खुलताबादजवळ कबरीची इमारतही बांधली गेली, पण त्यांना अखेर मदिनेत दफन केले. ज्या घराण्याने सासुरवाड नको म्हणून शतकानुशतके सोयरीक टाळली, त्याच घराण्याने परागंदा अवस्थेत मुलगी दिली ती अशी दूरदेशी.

धागाकर्तीचे उत्तर

आपणा तिघांचे मनापासून आभार. हुर्रेमविषयीची चूक माझीच होती. 'माहेर' या मुद्द्यावर मीही थोडी घाई केली असे आता वाटते, कारण एकोणिसाव्या शतकात हरममध्ये बहुतेक मुली कॉकेशसमधल्या चेर्केस (सर्कॅशियन) लोकांच्या वस्त्यांतून येत, आणि १९०९ मध्ये दुसऱ्या अब्दुलहमीदला पदच्युत करून त्याचे हरम मोडले तेव्हा डोंगरातल्या नातलगांना आपापल्या मुली ओळखून घेऊन जाण्यासाठी बोलावणे धाडण्यात आले होते. एकत्रित उल्लेख 'सुलतानाच्या स्त्रिया' असाच ठेवते, पदव्या मूळ रूपात देते आणि 'दासी' शब्द वापरीन तिथे लगेच मुलांच्या हक्काचे वाक्य जोडते.

आता एकच अडचण उरली. 'वालिदे'साठी 'राजमाता' लिहिण्याचा मोह होतो, पण कोसेमच्या बाबतीत तो शब्द तोकडा पडतो. तिचा मुलगा मुराद १६२३ मध्ये अकरा वर्षांचा असताना गादीवर आला आणि राज्य तिने चालवले. पुढे दुसरा मुलगा इब्राहिम मारला गेल्यावर, रिवाजाप्रमाणे जुन्या वाड्यात न जाता, सहा वर्षांच्या नातवाच्या नावाने ती पुन्हा सत्तेत राहिली आणि १६५१ मध्ये सून तुर्हानच्या माणसांनी तिचा खून केला. सून वालिदे आणि सासू 'ब्युयूक वालिदे', म्हणजे थोरली, अशा दोघी एकाच छपराखाली होत्या. या दोघींचा भेद एका वाक्यात दाखवायचा तर 'थोरल्या राजमाता' चालेल, की वाचकाला ते साताऱ्याच्या वाड्यातले वाटेल?