सँटानाने अटलांटात माईकवरून सुनावलं, ते बरोबर होतं का?

सांजवेळ

परवा घरी जुन्या गाण्यांवरून विषय निघाला आणि भांडणापर्यंत गेला. तोच इथे मांडते.

15 मे 2011, रविवार. अटलांटाचं टर्नर फील्ड. अमेरिकेची मेजर लीग बेसबॉल संघटना तेव्हा वर्षातला एक सामना नागरी हक्कांच्या चळवळीच्या नावाने खेळवायची. त्या वर्षी तो अटलांटात होता, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मगावी. सामन्याआधी तिघांचा सत्कार होता: अभिनेता मॉर्गन फ्रीमन, जुना बेसबॉलपटू एर्नी बँक्स आणि गिटारवादक कार्लोस सँटाना. त्याच्या दोनच दिवस आधी, शुक्रवारी, जॉर्जियाच्या गव्हर्नरने 'एचबी 87' या कायद्यावर सही केली होती. पोलिसांनी एखाद्याला कुठल्या गुन्ह्याच्या संशयावरून अडवलं तर त्याच्याकडे वास्तव्याचे कागद मागायचे, आणि कागद नसलेल्याला गाडीतून नेणाऱ्यावर किंवा आसरा देणाऱ्यावरही काही परिस्थितीत खटला भरायचा, असा तो कायदा. आदल्या वर्षी अ‍ॅरिझोनाने केलेल्या कायद्याचाच हा धाकटा भाऊ.

सँटानाने माईक हातात घेतला आणि अ‍ॅरिझोनाच्या आणि अटलांटाच्या लोकांना सांगितलं की तुम्हाला लाज वाटायला हवी. काहींनी तिथेच हुर्यो उडवली. नंतर पत्रकारांशी बोलताना तो म्हणाला की हा कायदा क्रूर आहे आणि त्याच्या मुळाशी भीती आहे. आम्ही तुमच्या नोकऱ्या पळवू असं तुम्हाला वाटतं, पण चादरी बदलायला आणि संडास धुवायला तुम्ही थोडेच येणार आहात!

हे तो ऐकीव बोलत नव्हता. मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतातल्या आउत्लानमध्ये 1947 साली त्याचा जन्म झाला. वडील होसे मारियाची पथकात व्हायोलिन वाजवायचे. मग सरहद्दीवरचं तिहुआना. तिथे पोरसवदा कार्लोस पर्यटकांपुढे रस्त्यावर वाजवायचा, पुढे दारूच्या गुत्त्यांत वाजवायला लागला. तिथून सॅन फ्रान्सिस्कोतली मिशन ही लॅटिनो वस्ती, तिथली शाळा, आणि एका हॉटेलात भांडी घासण्याचं काम.

माझं म्हणणं एवढंच: ज्याने स्वतः भांडी घासली, त्याला बदल घडवल्याबद्दलचा पुरस्कार त्या गावात, त्या आठवड्यात दिला, तर त्याने बोलायलाच हवं होतं. गप्प राहून तो पुरस्कार घेतला असता तर मला त्याची गिटार पुन्हा तशी ऐकू आली नसती.

गल्लीबोळ

मला हे पटत नाही, आणि मी त्या कायद्याच्या बाजूचा मुळीच नाही.

घरी बोलावलेल्या पाहुण्याने घरातल्यांची लाज काढू नये, हा झाला शिष्टाचार. तो बाजूला ठेवू. त्याने 'अटलांटाच्या लोकांनो' म्हटलं. कायदा केला विधिमंडळाने आणि सही केली गव्हर्नरने. अटलांटा शहरात त्या कायद्याच्या विरोधात उभे राहणारे हजारो लोक होते, कदाचित त्यातले काही त्याच मैदानात पोरांना घेऊन बसले असतील. त्यांनाही त्याने एकाच काठीने हाणलं. ज्यांना बरोबर घ्यायचं त्यांनाच दुखावलं तर चळवळीच्या हाती काय लागतं?

शिवाय कायद्याचं पुढे काय झालं तेही बघा. जून संपायच्या आत एका संघीय न्यायाधीशाने त्यातल्या दोन मुख्य कलमांना स्थगिती दिली. ते काम वकिलांनी केलं, कागद घेऊन, महिनाभर राबून.

तुंबावाला

मी 22 वर्षं ऑर्केस्ट्रात तुंबा वाजवला. गणपती, लग्नं, वाद्यवृंद. तुंबा म्हणजे ज्याला बाहेर कोंगा म्हणतात तोच. त्यामुळे मी राजकारणापेक्षा हातांबद्दल बोलेन.

सँटानाचं खरं भाषण 16 ऑगस्ट 1969 ला झालं, वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात. त्यांचा पहिला अल्बम तेव्हा बाजारात आलेलाही नव्हता, तो महिनाअखेरीला आला. समोर लाखोंचा जमाव, आणि बहुतेकांनी बँडचं नावही ऐकलेलं नाही. मंचावर कोण होतं बघा. गिटारीवर मेक्सिकोचा पोरगा. टिंबालेवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या जोडढोलांवर, होसे 'चेपितो' आरेआस, निकाराग्वाचा. कोंग्यांवर मायकेल काराबेयो. बासवर डेव्हिड ब्राउन, कृष्णवर्णीय. ऑर्गनवर ग्रेग रोली आणि ड्रम्सवर वीस वर्षांचा मायकेल श्रीव्ह, दोघे गोरे. 1969 सालच्या अमेरिकेत हे सहा जण एका तालात बांधलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

कोंग्याचा तो मूळ ठेका हातात बसायला मला चार महिने लागले. डाव्या हाताचा तळवा, मग त्याच हाताची बोटं, उजव्याची चापट, पुन्हा बोटं, पुन्हा तळवा, बोटं, आणि शेवटी दोन उघडे ठोके. ते दोन ठोके पुढच्या आवर्तनाला असं ढकलतात की बसलेला माणूस उठतो. हा ठेका आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांतून क्युबात आला, क्युबातून न्यूयॉर्कला गेला. स्थलांतराचा सगळा इतिहास त्या दोन तळव्यांत आहे. रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या पोरांच्या पायांत तो या बँडने भरला. ज्याच्या पायांत तो गेला, त्याला 'ही माणसं परकी' असं सांगणं अवघड होऊन बसतं.

मैदानात जाऊन 'लाज वाटायला हवी' म्हटलं की माणूस कान बंद करतो. गिटार ऐकताना तो कान उघडे ठेवून बसलेला असतो. मग माईक कशाला?

कसोटी

दोन्ही बाजूंनी देव्हारा मांडलाय, म्हणून काही गोष्टी समोर ठेवतो.

एक तर त्याला कोणी 'गीतकार' म्हणत असेल तर जपून. त्याचं गाजलेलं 'ओये कोमो वा' टिटो पुएंतेचं, आणि टिटोसुद्धा न्यूयॉर्कमध्ये वाढलेला पोर्तो रिकन घरातला मुलगा. 'ब्लॅक मॅजिक वुमन' इंग्लंडच्या पीटर ग्रीनचं. 1999 च्या 'सुपरनॅचरल' अल्बमने त्याला एका रात्रीत आठ ग्रॅमी दिली, पण त्यातल्या 'स्मूद'ची चाल आणि शब्द दुसऱ्यांचे, आणि विषय प्रेमाचा. त्याने स्वतः रचलेलं जे उत्तम आहे, 'सांबा पा ती' किंवा 'युरोपा', त्यात शब्दच नाहीत. मग संगीतातून चळवळ नेमकी कुठे?

दुसरं जास्त गंभीर. 2005 च्या ऑस्कर सोहळ्याला तो क्युबाच्या क्रांतीतला नेता चे गेव्हारा याचं चित्र असलेला टीशर्ट घालून गेला. क्युबा सोडून आलेला सॅक्सोफोनवादक पाकितो दे रिवेरा याने त्याला खुलं पत्र लिहिलं, कारण चेच्या हुकमाखालच्या तुरुंगात काय चाललं होतं हे त्याला नातेवाइकांकडून माहीत होतं. पाकितोही स्थलांतरितच, लॅटिनोच, वादकच. स्थलांतरितांच्या बाजूने बोलतो म्हणणाऱ्याने दुसऱ्या स्थलांतरिताची जखम पाहिली नाही.

तिसरं, 2023 मध्ये मैफिलीत ट्रान्स लोकांबद्दल जे बोलला त्याबद्दल त्याला माफी मागावी लागली. म्हणून तुंबावाल्यांशी सहमत, पण कारण वेगळं. हा माणूस वाजवताना कधी चुकत नाही, बोलताना चुकतो.

सांजवेळ

कसोटी, चेच्या टीशर्टबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिथे तो चुकला, आणि पाकितोचं पत्र मला आजही बोचतं. 2023 बद्दलही तेच.

पण 'चळवळ कुठे' या प्रश्नाचं उत्तर गाण्याच्या शब्दांत शोधू नका. डिसेंबर 1972 मध्ये भूकंपाने निकाराग्वाची राजधानी मानाग्वा जमीनदोस्त झाली. चेपितोचा देश. जानेवारीत लॉस एंजेलिसला रोलिंग स्टोन्सनी मदतीसाठी मैफल केली, तिच्यात सँटाना वाजवायला होता. 1975 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमधले खेळ आणि कलांचे वर्ग पैशाअभावी बंद पडायला आले, तेव्हा केझर स्टेडियमवरच्या मैफिलीत होता. ती बिल ग्रॅहमने भरवली होती, जो स्वतः लहानपणी नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेला आलेला ज्यू निर्वासित. 1987 च्या 4 जुलैला मॉस्कोत अमेरिकन आणि सोव्हिएत कलाकार शांततेसाठी एकत्र वाजले, तिथेही होता. 1998 ला मिलाग्रो फाउंडेशन काढलं, मुलांच्या शिक्षणासाठी आणि आरोग्यासाठी. 2003 च्या अमेरिकेतल्या उन्हाळी दौऱ्याचा निव्वळ नफा दक्षिण आफ्रिकेतल्या एड्सविरोधी कामाला दिला.

ही गिटारच आहे. तिचं मोल त्याने कुठे लावलं, ते मी बघते.

पारावरचा

आपल्याकडे अण्णाभाऊ आणि अमर शेख होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत लोक शाहिराचे शब्द ऐकायला यायचे. शब्द नसेल तर चळवळ नाही. नुसत्या गिटारीने कोणाचं सरकार हललं?

तुंबावाला

पारावरचे, डफ आणि तुणतुणं काढून घ्या आणि तोच पवाडा नुसता वाचून दाखवा. मैदानाच्या शेवटच्या रांगेतला गिरणी कामगार उभा राहील का?

मिशनवासी

मी सहसा वाचतोच, लिहीत नाही. आज लिहितो.

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नऊ वर्षं आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, आणि भारतात जन्मलेल्यांची ती रांग किती लांब आहे हे इथल्या अनेकांना माहीत आहे. दर शनिवारी मिशनमध्ये एका छोट्या खाणावळीत जेवायला जातो. तिथे मागच्या बाजूला भांडी घासायचं सिंक आहे, दार उघडं असलं की दिसतं. पन्नाशीच्या आसपासचा एक माणूस तिथे असतो, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, कानाशी लहानसा रेडिओ. दोन गल्ल्या सोडून भिंतीवर सँटानाचं मोठं चित्र आहे. एकदा मी त्याला मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, कार्लोस आवडतो का? तो म्हणाला, पहिली गाणी आवडतात. बस्स, एवढंच, आणि पुन्हा ताटं विसळायला लागला.

आता माझं. मागे ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एकजण स्थलांतरितांबद्दल भलतंसलतं बोलला. मेक्सिकन लोकांबद्दल, पण समोर मी बसलो होतो. मी ताटात बघत राहिलो. व्हिसा त्या कंपनीच्या नावावर होता, घराचा हप्ता होता, मुलगी दुसरीत होती. रात्री झोप आली नाही.

गल्लीबोळ, तुमचा शिष्टाचाराचा मुद्दा वाचताना मला ते टेबल आठवलं. सँटाना 1965 पासून अमेरिकेचा नागरिक आहे. त्याला कोणी परत पाठवू शकत नाही, नोकरी काढून घेऊ शकत नाही. त्या मैदानात खुर्च्या पुसणारे, पॉपकॉर्न विकणारे जे कोणी असतील त्यांच्यापैकी कोणाला तो माईक मिळाला असता? आणि मिळाला तरी कोण बोलू शकलं असतं? मी तर नाही. ज्याला बोलण्याची किंमत मोजावी लागत नाही त्यानेच आधी बोलायचं असतं असं मला त्या रात्रीपासून वाटतं.

गल्लीबोळ

मिशनवासी, तुमचं वाचून थोडा वेळ थांबलो. तुम्ही टेबलावर गप्प राहिलात यात तुमचा काही दोष मानू नका.

शिष्टाचाराचा मुद्दा मी मागे घेतो. 'अटलांटाच्या लोकांनो' हा मात्र नाही. गव्हर्नरचं नाव घेऊन बोलला असता तर हुर्यो उडवणाऱ्यांपैकी निम्मे तरी गप्प बसले असते. बोलायचं ठरलं की कोणाला बोलायचं हेही नेमकं हवं. आपल्यालाही बाहेर कोणी 'तुम्ही भारतीय' म्हणून सरसकट धरलं की झोंबतंच ना?

कसोटी

नेमकेपणाबद्दल गल्लीबोळांशी सहमत. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवतो, नाहीतर अन्याय होईल. त्याच उन्हाळ्यात जॉर्जियात शेतावर माल काढायला मजूर मिळेनात. शेतकरी ओरडायला लागले, आणि ज्या गव्हर्नरने सही केली होती त्यानेच प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षा म्हणून देखरेखीखाली, असलेल्या लोकांना शेतात कामाला लावण्याची सूचना केली. चादरी आणि संडासांबद्दल सँटाना जे म्हणाला ते महिन्याभरात शेतांत खरं झालेलं दिसलं.

सांजवेळ

गल्लीबोळ, पत्रकारांपुढे त्याने कायद्यालाच बोल लावला, लोकांना नाही. मैदानात जीभ घसरली असं म्हणा हवं तर. माझ्यासाठी तरीही ते न बोलण्यापेक्षा बरंच.

तुंबावाले, तुमच्या त्या ठेक्याबद्दल वाचलं आणि वुडस्टॉकचं 'सोल सॅक्रिफाइस' पुन्हा लावलं. आजवर मी फक्त गिटार ऐकत होते. या वेळी काराबेयोचे हात बघितले. सुरुवातीला गिटार नाहीच, नुसतं तालवाद्य आणि बास.

तुंबावाला

बघितलंत ना! आता पुढच्या वेळी काराबेयोला सोडा आणि चेपितोच्या काठ्या बघा.

माईकबद्दल माझं मत अजून तेच आहे. पण मिशनवासींच्या त्या खाणावळीतल्या माणसाने पहिली गाणी आवडतात म्हटलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या रेडिओवर कुठलं लागतं ते पुढच्या शनिवारी विचारून सांगाल का?

मिशनवासी

विचारतो.